सगळं त्यात आलं

शाबानचा चाँद दिसला की आमच्या मोहल्ल्यात दोन चौकशा सुरू होतात. खजूर यंदा काय भावानं आहे, आणि पेंटर कुणाकडं मोकळा आहे. खजूर मिळतो. पेंटर मोकळा नसतो. ‘उद्या येतो’ म्हणणारा मात्र प्रत्येक गल्लीत एक सापडतो आणि त्याच्या कपड्यांवर निदान तीन घरांचे रंग असतात. त्यात आपल्या घराचा रंग अजून लागलेला नसतो, एवढंच.

यावर आम्ही बायका फार बोलतो. पण पेंटरचं वर्षही जरा मोजून पाहायला हवं. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचं काम बंद, आतलं जेमतेम. दिवाळीआधीचे तीन-चार आठवडे, लग्नसराईच्या तोंडावरचे काही दिवस आणि आपल्याकडचा रमजान-ईदच्या आधीचा महिना. एवढ्या दिवसांच्या कमाईवर त्याला बाकीचं वर्ष ओढायचं असतं. मग शाबानमध्ये तो कुणालाच ‘नाही’ म्हणत नाही. एका घरी भिंत खरवडून ठेवतो, दुसऱ्या घरी पुट्टी लावतो, तिसऱ्या घरातून उचल घेतो आणि चौथ्या घरी नुसती शिडी आणून ठेवतो. शिडी ठेवली म्हणजे माणूस येणारच, अशी आमच्या अम्मींची, म्हणजे सासूबाईंची, फार वर्षं समजूत होती. एका वर्षी ती शिडी अकरा दिवस अंगणात उभी होती आणि तिच्यावर शेजारणीनं गोधडी वाळत घातली होती.

शिवाय आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, हे रंगाच्या हिशेबात कुणी धरत नाही. २०१६ साली रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला होता. तेव्हा रंगाचं काम मे महिन्यात व्हायचं. भिंती खडखडीत कोरड्या, पण पेंटरचा जीव उन्हानं हैराण. २०२५ साली तो मार्चच्या सुरुवातीला आला, म्हणजे काम फेब्रुवारीत. रंगासाठी याहून चांगला काळ नाही. पावसाची ओल जाऊन तीन-चार महिने झालेले असतात आणि उन्हाचा तडाखाही नसतो. २०३० साली जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात लागतील. तिथून पुढं मात्र तो नोव्हेंबर, मग ऑक्टोबर असा मागं जाणार. त्या वर्षांत शाबानमध्ये भिंतीला हात लावाल तर पाऊस नुकताच सरलेला असेल. आज जे घर ‘आपल्याकडं शाबानमध्येच रंग काढायचा रिवाज आहे’ म्हणून हट्ट धरतं, त्याला तेव्हा हा रिवाज बदलावा लागेल. ईद होऊन दोन-तीन महिन्यांनी रंग काढला तर कुठलाही पाहुणा घरातून उठून जाणार नाही.

आता ठरवण्याकडं येऊ. आम्ही आजवर जेवढी रंगाची कामं बिघडलेली पाहिली, त्यातली बहुतेक भिंतीवर बिघडलेलीच नव्हती. ती ठरवताना बिघडली होती. ठरवणारे असतात घरातले पुरुष आणि ठरवण्याची जागा असते मशिदीजवळचा चहाचा गाडा. जुम्याच्या नमाजनंतर पेंटर भेटतो, दोन कट सांगितले जातात, ‘हॉल, बेडरूम, किचन, किती घेणार?’ एवढा प्रश्न होतो आणि चहा संपायच्या आत आकडा ठरतो. घरी येऊन आम्हाला सांगितलं जातं, ‘ठरलं. वीस हजार. सगळं त्यात आलं.’

या ‘सगळं’मध्ये काय काय आलं, ते कुणी विचारलेलं नसतं. पेंटरच्या मनातलं सगळं म्हणजे भिंती आणि छत. घरमालकाच्या मनात दारं आणि चौकटीसुद्धा. आम्ही ज्या चोवीस तास त्या घरात असतो, आमच्या मनात खिडक्यांचं ग्रिल असतं, माळ्याची आतली बाजू असते, लोखंडी कपाटामागची भिंत असते, आणि काम झाल्यावर फरशीवरचे डाग काढणंही असतं. दहाव्या दिवशी पेंटर शिडी उचलायला लागतो तेव्हा ही तीन ‘सगळी’ एकमेकांसमोर येतात. आवाज चढतात. घरातले पुरुष कामावर असतात, त्यामुळे ऐकून घ्यायला आम्हीच असतो. भाव करताना आम्ही नसतो, निस्तरताना असतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. भाव गाड्यावर करू नका. पेंटरला घरी बोलवा, प्रत्येक खोलीत न्या आणि घरातल्या बाईला सोबत असू द्या. पडदा पाळणारं घर असेल तर ती आतून सांगेल, मुलगा किंवा दीर दाखवेल, पण तिचं म्हणणं ठरावात आलं पाहिजे. कुठल्या भिंतीचे पोपडे दरवर्षी पडतात, कुठला बोर्ड शॉक देतो, कुठली खिडकी पावसात आत पाणी घेते, हे तिलाच माहीत असतं. त्या दहा मिनिटांत अर्ध्या कटकटी मिटतात.

पैसे ठरवण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्हींत एकेक खोट आहे. उक्तं काम दिलं की पेंटरला लवकर उरकण्यात फायदा. मग दोन हात ठरलेले असताना दुसरा हात फक्त दरवाजासमोरच्या भिंतीला मिळतो. रोजंदारीवर दिलं की कामाला पाय फुटतात आणि चार दिवसांचं काम आठवर जातं. फुटावर दिलं की हात नीट बसतो, पण शेवटी मापावरून वाजतं. आम्ही स्वतः फुटावरच्या बाजूचे आहोत, पण माप आधी घ्यायचं या अटीवर. त्या मापावरून आमच्या ओळीतल्या एका घरात काय झालं, ते सांगायलाच हवं.

शेजारचे चाचा निवृत्त माणूस, हिशेबाला पक्के, आणि पेंटरमामूही साठीला आलेले, मोहल्ल्यातले जुने कारागीर. मजुरी बारा रुपये फूट ठरली होती, माल चाचांचा. नऊ हजार उचल दिली गेली होती. सव्विसाव्या रोजाला काम संपलं आणि मामूंनी सांगितलं, ‘सतराशे फूट झालं.’ चाचा भडकले. घरपट्टीच्या कागदावर घर तीनशे अडुसष्ट फुटांचं. तीनशे अडुसष्टचे सतराशे कसे झाले? मामू म्हणाले, भिंतीचं माप वेगळं असतं. चाचा म्हणाले, मला शिकवू नका. नऊ हजारांवर एक पैसा देणार नाही, असं त्यांनी अंगणातून सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं सांगितलं. मामू काही न बोलता गेले. त्यांच्याबरोबर काम करणारी दोन पोरं ईदला गावी जाणार होती. त्यांची मजुरीही त्याच पैशांत अडकली होती.

दोन दिवस चाचा आणि मामू एकाच सफमध्ये उभे राहिले आणि सलाम न करता घरी गेले. चाचींनी त्या दोन दिवसांत इफ्तारला काय केलं, ते त्यांनाच आठवत नाही असं त्या सांगतात. शेवटी त्यांची आठवीतली नात टेप घेऊन उठली. तिच्या वहीचं पान आम्ही पाहिलं आहे, म्हणून आकडे देतो. हॉल बारा बाय चौदा, उंची दहा. चार भिंती मिळून ५२०, छत १६८, एकूण ६८८ फूट. बेडरूम दहा बाय बारा, भिंती ४४०, छत १२०, एकूण ५६०. किचन आठ बाय दहा, भिंती ३६०, छत ८०, एकूण ४४०. ओट्यामागं टाइल्स नव्हत्या, तिथंही रंगच होता. तिन्ही मिळून १६८८. जमीन ३६८ फूट आणि रंग १६८८ फूट, म्हणजे साडेचारपटीहून जास्त. नातीनं हे आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ वहीकडं बघत बसले आणि मग म्हणाले, ‘दारं-खिडक्या वजा कर.’

ती वजाबाकीही तिनं करून ठेवली होती. चार दारं, एकेक तीन बाय सात, ८४ फूट. पाच खिडक्या, एकेक चार बाय चार, ८० फूट. १६४ वजा जाऊन उरले १५२४. मामूंना बोलावणं गेलं. ते म्हणाले, आमच्यात दारं-खिडक्या वजा करत नाहीत. चौकटीच्या कडेनं ब्रश सावकाश फिरवावा लागतो आणि तिथंच जास्त वेळ जातो. हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चाचांचंही खोटं नव्हतं, जिथं रंग लागलाच नाही तिथले पैसे का द्यायचे? सगळं भांडण शेवटी दोन हजार रुपयांवर आलं. अकरा हजार चारशे अडवून धरले होते ते या दोन हजारांसाठी. सोळाशे फुटांवर तडजोड झाली, एकोणीस हजार दोनशे. उरलेले दहा हजार दोनशे अठ्ठाविसाव्या रोजाला इफ्तारच्या आधी मामूंच्या हातात पडले आणि पोरांना रात्रीची एस. टी. मिळाली. जे माप रंगानंतर घेतलं, तेच रंगाआधी घेतलं असतं तर त्या घरातले दोन रोजे सुखाचे गेले असते.

म्हणून चिठ्ठी. वहीचं एक पान पुरतं. कुठल्या खोल्या, माप किती, दारं-खिडक्या वजा की नाहीत, पुट्टीचे हात किती, प्रायमर आहे की नाही, रंगाचे हात किती, माल कोण आणणार, कपाट कोण सरकवणार, फरशी कोण पुसणार, काम कुठल्या तारखेला सुरू आणि पैसे कसकसे. खाली दोघांच्या सह्या. चिठ्ठी म्हटलं की आमच्या घरातले पुरुष कानकोंडे होतात. ‘आपलाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचं?’ आपलाच माणूस आहे म्हणून तर लिहायचं. परक्याशी भांडण झालं तर पुन्हा त्याचं तोंड पाहायचं नसतं. याच्याशी दर जुम्याला खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आहे.

यानंतरची मोठी भानगड ओलीची. ती पेंटरच्या माथी मारण्याची आपल्याकडं सवय आहे. आमच्या नणंदेच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका कोपऱ्यात छतालगत पोपडे धरायचे. तीन रमजान, तीन पेंटर. पहिल्यानं साधा रंग लावला, दुसऱ्यानं महागाचा, तिसऱ्यानं आतून वॉटरप्रूफचा हात दिला आणि छातीठोक सांगितलं, ‘हो जाएगा भाभी.’ तिन्ही वेळा पावसाळ्याची वाटही न पाहता महिन्या-दोन महिन्यांत तिथं फुगा आला. नंदोईंनी तिघांचंही नाव मोहल्ल्यात खराब केलं. चौथ्या वर्षी पेंटरऐवजी प्लंबर आला. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधल्या पाइपाचा जोड पाझरत होता. जोड बदलला, भिंत तीन महिने उघडी ठेवली आणि मग साधा डिस्टेंपर लावला. अजून टिकून आहे.

पाणी आपला पत्ता भिंतीवर लिहून ठेवतं, तो वाचता आला पाहिजे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पट्टा ओला असेल आणि त्यावर पांढरी पूड फुटत असेल, तर ओल जोत्यातून वर चढते आहे. ती पांढरी पूड म्हणजे पाण्याबरोबर येणारे क्षार. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. छतालगत डाग असेल तर गच्ची किंवा वरचं बाथरूम. खिडकीखाली असेल तर खिडकीची कड. डाग फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरच्या भिंतीला भेग आहे, आणि बारा महिने असेल तर पाइप. शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव जमलेलं दिसलं, तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. त्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी तो काही महिन्यांचा पाहुणा. आतून वॉटरप्रूफ लावणं म्हणजे पाणी आत शिरल्यावर दाराला कडी घालणं. जिथून पाणी येतं तिथंच बंद करावं लागतं.

नवा गिलावा केला असेल तर तोही घाईनं रंगवू नका. पाणी मारून झाल्यावर त्याला सुकायला निदान महिनाभर द्यावा लागतो. ईदला पंधरा दिवस असताना गिलावा आणि रंग दोन्ही करून देतो म्हणणारा पेंटर खोटं बोलत नाही, तो खरंच करून देतो. पोपडे बकरी ईदच्या सुमाराला येतात. अशी वेळ आली तर ती एक भिंत पांढऱ्या प्रायमरवर सोडा आणि तिच्यासमोर कपाट लावा.

जुन्या माणसांना चुन्याच्या भिंतीची आठवण येते, ती उगाच नाही. अम्मी सांगतात, त्यांच्या माहेरी कळीचा चुना आदल्या रात्री माठात भिजत घालायचे आणि तो शिजल्यासारखा खदखदायचा. पोरांना त्याच्या जवळ फिरकू देत नसत. सकाळी गाळून त्यात डिंक आणि थोडी नीळ घालायची आणि घायपाताच्या कुंच्यानं भिंतीवर मारायचा. खर्च नाममात्र. पाठ टेकली की कपड्याला पांढरं लागायचं, पण भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर निघून जायची. आजचे गुळगुळीत रंग भिंतीचं तोंड बंद करतात, म्हणून आतलं पाणी रंगाला फुगवून बाहेर येतं. मातीच्या किंवा जुन्या दगडी घरात अजूनही चुनाच बरा, असं आमचं मत. मुलांना ते पटत नाही. त्यांना भिंतीवर चमक हवी असते.

एक गोष्ट मात्र चमकेपेक्षा मोठी आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या घरांत फार कमी बोललं जातं. जुनी लाकडी दारं, चौकटी, ग्रिल यांच्यावर वर्षानुवर्षांचे ऑइलपेंटचे थर असतात. पूर्वी अशा रंगांत शिसं बेसुमार घातलं जायचं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्यानं मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीच्या थरांत काय आहे, ते नुसतं पाहून सांगता येत नाही. पेंटर ती दारं कोरड्या पॉलिश पेपरनं घासतो आणि त्याची पिठासारखी धूळ घरभर बसते. रांगणारं मूल तीच धूळ हाताला लावून तोंडात घालतं. शिसं लहान मुलाच्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. पोटुशी बाई असेल तर तिच्या पोटातल्या जिवालाही धोका. म्हणून जुनं ऑइलपेंट कोरडं घासू देऊ नका. पाणी मारून ओलं घासायला सांगा. त्या दिवशी पोरांना नानीकडं पाठवा. केर काढायला झाडू नको, ओलं फडकं घ्या, आणि धान्याचे डबे, पाण्याची भांडी आधीच झाकून दुसऱ्या खोलीत न्या. पेंटरच्या तोंडाला निदान फडकं हवं, मास्क असेल तर उत्तम. तो मास्क घरानं आणून दिला तर फार खर्च होत नाही. घासणारा माणूस हेच काम रोज करतो, आपण पाच-सात वर्षांतून एकदा.

जमिनीवर अंथरायला रद्दी लागते आणि तिथं आमच्या घरांत एक काम जास्तीचं असतं. उर्दू अखबार सरळ अंथरता येत नाहीत. कुठल्या कोपऱ्यात अल्लाहचं नाव असेल, कुठं आयत असेल, ते पाहून पानं बाजूला काढावी लागतात. पेंटर पुट्टी कालवून उभा आणि अम्मी चष्मा लावून रद्दी वाचत बसलेल्या, हे दृश्य दर खेपेला ठरलेलं. त्यापेक्षा बाजारातून प्लॅस्टिक आणलेलं बरं. भिंतीवरचे तुगरे, कुराणशरीफचं फळीवरचं ठिकाण, मुसल्ले हे सगळं पहिल्या दिवशी एका खोलीत न्यावं आणि ती खोली सर्वांत शेवटी रंगवावी. घरात नमाजला एक कोरडी जागा शेवटपर्यंत राहते. स्विचबोर्डांवर कागद चिकटवावेत, आणि बोर्डाशेजारी ओला ब्रश फिरणार असेल तेव्हा मेन बंद करायला विसरू नये.

रोजे सुरू झाल्यावरही काम रेंगाळलं, तर नवीनच पेच. पेंटर रोजेदार असेल तर दुपारी दोननंतर त्याला शिडीवर चढवू नये, चक्कर येऊन पडलेली माणसं आम्ही ऐकून आहोत. सहरीनंतर लगेच काम सुरू करून जोहरपर्यंत थांबवलं तर दोघांनाही सोईचं. आणि तो रोजेदार नसेल, आपल्या गावातला दुसऱ्या धर्माचा कारागीर असेल, तर त्याचा चहा वेळेवर गेला पाहिजे. घरात चूल पेटलेली नाही म्हणून कारागीर दिवसभर उपाशी, हे बरं दिसत नाही. ऑइलपेंट मात्र रमजानमध्ये उघडूच देऊ नये. टर्पेंटाइनच्या वासात सहरी घशाखाली उतरत नाही.

रंग निवडण्यावर पानं भरून लिहिता येईल, पण दोनच गोष्टी सांगतो. शेडकार्डवरचा बोटभर चौकोन आणि चार भिंती यांत फार अंतर असतं, कारण चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तो गडद दिसतो. लहान डबा आणून भिंतीवर दोन फुटांचा तुकडा रंगवा, वाळू द्या, दिवसा पाहा आणि ट्यूबलाइटमध्येही पाहा. आमच्या भागात पिस्ता रंगाचं फार वेड आहे. कार्डावरचा तो नाजूक पिस्ता हॉलभर पसरला की दवाखाना वाटायला लागतो. दुसरी गोष्ट, मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही आणि पुन्हा आणला तर तंतोतंत जुळेलच असं नाही. एका भिंतीचा रंग मधेच संपू देऊ नका.

माल आपण आणला तरी डब्यातलं टोकन पेंटरला द्यावं. काही डब्यांत, पुट्टीच्या पोत्यांत कंपन्या पेंटरसाठी टोकन घालतात आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. ती त्याची चोरी नाही, चालत आलेली पद्धत आहे. फक्त टोकन मोठं म्हणून तो सांगेल तोच माल घ्यायचा, असं होऊ नये. आणि रंगात पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. पहिली बादली कालवताना घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहिलं की पाणी आपोआप बेतानं पडतं.

आता पैशांचं. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपल्या घरांत पोरांनाही पाठ असते. रंगाच्या कामात घाम सोडाच, रंग वाळून महिना होतो तरी हिशेब राहतो. ‘ईदनंतर बघू’ हे वाक्य आम्ही फार घरांत ऐकलं आहे, आणि ते म्हणणारी माणसं एरवी वाईट नसतात. कपडे, शीरखुर्म्याचा सुका मेवा, फितरा, पोरांची ईदी या सगळ्यात पेंटरचा आकडा यादीच्या तळाला जातो. पण ईद त्याच्याही घरी त्याच दिवशी येते. त्याच्या बायकोलाही दूध आणि शेवया चाँदरातीलाच आणायच्या असतात, आणि चाँद एकोणतीसचा की तीसचा हे तिलाही ठाऊक नसतं. तेव्हा तीन हप्ते करावेत. सामान हलवून खरवडण झाली की एक, प्रायमर झाला की दुसरा, आणि शेवटचा हात वाळला की त्याच दिवशी तिसरा. काही राहून गेलं असेल, एखादी कड, एखादं ग्रिल, तर त्या कामापुरतेच पैसे मागं ठेवा आणि किती ठेवले ते त्याला सांगा. पंधराव्या रोजाच्या पुढं काम नेऊ नये, हे चिठ्ठीतच घातलं की सत्ताविसाव्या रात्री कुणाला कुणाचं दार वाजवावं लागत नाही.

उरलेल्या रंगाचा डबा घट्ट बंद करून झाकणावर खोलीचं नाव, शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. पुढं खिळा काढला, पोरानं पेननं रेघा मारल्या, तर दुकानात तो नंबर सांगता येतो.

राहिल्या रिकाम्या बादल्या. वीस लिटरची बादली पेंटरलाही हवी असते आणि घरातल्या बाईलाही, कारण धुऊन घेतली की पाणी साठवायला तिच्यासारखं भांडं नाही. आमच्याकडं गेल्या खेपेला पेंटरनं बादली ठेवली आणि झाकण नेलं. यंदाच्या चिठ्ठीत सह्यांच्या वर अम्मींनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली आहे : दोन बादल्या घराच्या, झाकणांसह.